रुपेरी टाचांचा हॅरी स्मिथ

टोरोंटो शहरात आपल्यासारख्या माणसाने आपण इंडियन आहोत असे सांगितले, की पुष्कळदा पुढचा प्रश्न येतो, कुठले इंडियन? बेटावरून गेलेल्या माणसाला तर उत्तर देताना आणखी दोन वाक्ये खर्ची घालावी लागतात. भारतातून नव्हे, मॉरिशसहून. पण पणजोबा कोकणातले, उसाच्या मळ्यावर आलेले. ऐकणारा मान डोलावतो. त्याला काय उमजले ते त्यालाच ठाऊक.

पण प्रश्न विचारणाऱ्याची चूक नसते. त्या देशात इंडियन हे नाव आपल्या कितीतरी आधी दुसऱ्याच लोकांच्या गळ्यात पडलेले आहे. 1492 साली कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांना लागला, आपण हिंदुस्थानाच्या आसपास पोचलो असे त्याला वाटले, आणि त्याच्या चुकीतून निघालेले नाव त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना चिकटून बसले. आज कॅनडात त्यांना फर्स्ट नेशन्स म्हणतात. सिनेमाच्या पडद्यावर मात्र ते वर्षानुवर्षे इंडियनच राहिले: डोक्यात पिसे खोवलेले, तोंडाने आरोळ्या ठोकणारे, आणि काउबॉयच्या गोळीने घोड्यावरून धडाधड खाली पडणारे.

वाचकहो, त्यांच्यातल्याच एका नटाची हकीकत आज सांगायची आहे. लोन रेंजरची चित्रमालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा चेहरा आठवेल. डोळ्यांवर काळा मुखवटा चढवलेला, शुभ्र घोड्यावर बसलेला नायक, आणि त्याच्या बाजूला ठिपकेदार घोड्यावर, हरणाच्या कातड्याचा अंगरखा घातलेला, कपाळाला पट्टी बांधलेला त्याचा सोबती टोंटो. टोंटोचे काम करणारे जे सिल्व्हरहील्स हे अमेरिकेच्या वाळवंटातले नव्हते. ते ओंटारियो प्रांतातले, टोरोंटोच्या नैर्ऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या ब्रँटफर्ड गावाजवळचे.

तिथे ग्रँड नदीच्या काठी सिक्स नेशन्स नावाची राखीव वस्ती आहे. मोहॉक आणि त्यांच्या बांधव जमाती मूळच्या न्यूयॉर्ककडच्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यापैकी बरेच जण इंग्रजांच्या बाजूने लढले, इंग्रज हरले, आणि ह्यांची जमीन गेली. त्या बदल्यात 1784 साली इंग्रज सरकारने जोसेफ ब्रँट ह्या मोहॉक पुढाऱ्याच्या लोकांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल रुंदीची जमीन लिहून दिली. कागदावर ती साडेनऊ लाख एकरांच्या घरात जात होती. आज त्यातली पाच टक्केही त्यांच्या हाती उरलेली नाही. कागद आणि जमीन ह्यांचे हे असे नाते आपल्या वाडवडिलांनीही थोडेफार अनुभवले आहेच.

ह्या वस्तीत 26 मे 1912 रोजी हॅरोल्ड जे स्मिथ ह्याचा जन्म झाला. घरात त्याला हॅरी म्हणत. स्मिथ हे नाव ऐकून आश्चर्य वाटायला नको. मळ्याच्या कारकुनाने नोंदवहीत जसे उतरवले तसे नाव आपल्याही कित्येक घराण्यांत आजवर चालत आले आहे. हॅरीचे वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात अधिकारी होते आणि शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. देशासाठी रक्त सांडलेल्या ह्या लोकांचे मोल सरकारने किती केले ते 1924 साली दिसले. त्या वर्षी कॅनडा सरकारने सिक्स नेशन्सच्या परंपरागत सरदारांचे मंडळ बरखास्त केले आणि निवडणुकीचे नवे मंडळ वस्तीवर लादले. हॅरी तेव्हा बारा वर्षांचा होता. ब्रँटफर्डमध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा होती. तिथे त्यांना स्वतःची भाषा बोलायची बंदी असे. ती शाळा 1970 साली बंद झाली. ह्या गोष्टी इथे सांगण्याचे कारण असे, की पुढे हॅरीच्या आयुष्यातला मोठा सल भाषेचाच झाला.

पण आधी खेळ. त्या लोकांचा जुना खेळ म्हणजे लॅक्रोस. लांब काठीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत चेंडू झेलायचा, धावायचे आणि गोल करायचा. मोहॉक लोक ह्या खेळाला देवाने दिलेला खेळ मानतात. गोऱ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि 1931 च्या सुमारास हॉकीच्या मैदानांच्या मालकांनी त्याला छपराखाली आणले. उन्हाळ्यात बर्फ नसला की मैदाने रिकामी पडत, ती भरायला हवी होती. हॅरी ह्या नव्या बंदिस्त लॅक्रोसमध्ये टोरोंटो टेकुमसेह संघाकडून खेळला. पुढे सरहद्दीपलीकडे बफेलो आणि रॉचेस्टर इथेही खेळला. पळण्यात त्याचा हात धरणारे थोडे. त्या पळण्यावरूनच काकाने त्याला टोपणनाव दिले असे सांगतात, सिल्व्हरहील्स, म्हणजे रुपेरी टाचांचा. मुष्टियुद्धातही त्याने नाव काढले. गोल्डन ग्लोव्हज ह्या अमेरिकेतल्या नामांकित स्पर्धेत मधल्या वजनाच्या गटात तो दुसरा आला होता.

1930 च्या दशकाच्या अखेरीस लॅक्रोसचा संघ कॅलिफोर्नियात खेळायला गेला. तिथे जो ई. ब्राउन ह्या विनोदी नटाची नजर ह्या देखण्या, बांधेसूद तरुणावर पडली आणि त्याने त्याला सिनेमात शिरण्याचा सल्ला दिला. शिरला, पण कसा? गर्दीत उभा राहणारा आणि घोड्यावरून पडणारा म्हणून. सुरुवातीची कित्येक वर्षे हॅरीने जवळजवळ हेच केले. पडद्यावर नाव नाही आणि तोंडी शब्दही नाही. 1947 च्या 'कॅप्टन फ्रॉम कॅस्टिल' मध्ये टायरोन पॉवरबरोबर त्यांना पहिली बरी भूमिका मिळाली आणि 1948 च्या 'की लार्गो' ह्या हम्फ्री बोगार्टच्या गाजलेल्या चित्रपटात ते दिसले. आता ते जे सिल्व्हरहील्स झाले होते.

आता ज्या चित्रपटाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे तो येतो. त्यासाठी आधी जीन ऑट्रीची ओळख करून द्यायला हवी.

जीन ऑट्री हा टेक्सासमध्ये 1907 साली जन्मलेला रेल्वेतला तारमास्तर. गळा गोड होता. रेडिओवर आला, तबकड्या निघाल्या आणि 1935 पासून तो गाणारा काउबॉय म्हणून पडद्यावर आला. त्याच्या चित्रपटांचा साचा ठरलेला होता. सव्वा तासाच्या आत संपणारे कमी खर्चाचे चित्रपट, दोन खेळ एका तिकिटात दाखवायचे तेव्हा मुख्य चित्रपटाच्या जोडीला लावायचे. नायक सज्जन, दारू नाही, सिगारेट नाही, बाईकडे वाकडी नजर नाही. दुष्टाला ठोसा मारायचा, घोड्यावर बसायचे आणि मधूनमधून गिटार घेऊन गाणे म्हणायचे. मुलांसाठी त्याने काउबॉयच्या आचरणाचे दहा नियम तयार केले होते. त्यांत खोटे बोलू नये, मुलांशी, म्हाताऱ्यांशी व जनावरांशी मायेने वागावे, आणि परक्या वंशाचा किंवा धर्माचा द्वेष मनात ठेवू नये असेही होते. आपल्याकडच्या संतपटांतल्या नटांना लोक पडद्याबाहेरही नमस्कार करीत, तसे काहीसे ऑट्रीचे झाले होते. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात वैमानिक म्हणून काम केले आणि परतल्यावर कोलंबिया कंपनीसाठी स्वतःच्या संस्थेमार्फत चित्रपट काढू लागला. पण तोपर्यंत वय चाळिशीला आले होते, साचा झिजला होता, आणि दूरदर्शन दारात उभे होते.

ह्या उतरत्या काळातला 1949 चा त्याचा चित्रपट म्हणजे 'द काउबॉय अँड द इंडियन्स'. दिग्दर्शक जॉन इंग्लिश. कल्पना खरोखर चांगली होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस नवाहो जमातीवर कडक हिवाळा आणि उपासमार कोसळली होती, अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला होता आणि सरकारला मदतीचे कायदे करावे लागले होते. ऑट्रीच्या चित्रपटात नेमकी हीच गोष्ट घेतली. नायक जमीन घेऊन वस्तीजवळ येतो आणि पाहतो तर शेजारची नवाहो माणसे भुकेने खंगलेली. वस्तीवरचा लबाड व्यापारी त्यांना लुबाडतो आहे. तिथे एक डॉक्टरीण आहे. ती कळवळून सांगते की ह्यांना दोष देऊ नका, ह्यांच्या पोटात अन्न नाही. स्वस्त काउबॉयपटात हे ऐकून माणूस जरा सावरून बसतो. इंडियन म्हणजे आरोळ्या ठोकणारा शत्रू नव्हे, तर उपाशी शेजारी. असे त्या काळी कितीजण दाखवीत होते?

आणि मग चित्रपट मोडतो. भुकेचा प्रश्न दोन पावले चालतो न चालतो तोच नेहमीची घोडदौड सुरू होते, नेहमीची मारामारी होते, नेहमीचा खलनायक पकडला जातो. शेवटाकडे नाताळ येतो, आणि जीन ऑट्री आपले सांताक्लॉजचे लोकप्रिय गाणे म्हणतो. व्यापारी एकटाच वाईट होता, तो गेला, झाले, आता सगळे सुखी. जमीन कुणी घेतली, वस्तीवर उपासमार आलीच कशी, हा विचार करायला सत्तर मिनिटांत सवड नव्हती. ऑट्रीच्या मनात खोट होती असे मी म्हणणार नाही. पण ज्यांची भूक दाखवायची त्यांना गाण्याचे श्रोते करून बसवले, हे पाहताना मनाला लागते.

ह्या चित्रपटात लाकोमा नावाचा नवाहो तरुण आहे. ते काम जे सिल्व्हरहील्स ह्यांचे. काम छोटे असले तरी त्यांची चाल, त्यांचे ताठ उभे राहणे, थोडे बोलून थांबणे ह्यांत एक अदब आहे. पडद्यावरच्या इतर पुष्कळ इंडियनांहून ते वेगळे दिसतात ह्याला दुसरेही कारण आहे. त्याच चित्रपटात आयर्न आइज कोडी हा नट आहे. तो आयुष्यभर इंडियन म्हणून मिरवला. 1996 साली उघड झाले की त्याचे आईबाप इटलीतून आलेले होते. आणि गंमत पाहा, खलनायकाच्या टोळीतला एक गुंड झाला आहे क्लेटन मूर. त्याच वर्षी 15 सप्टेंबर 1949 रोजी दूरदर्शनवर 'लोन रेंजर' सुरू झाले. मुखवट्यामागे तोच क्लेटन मूर होता, आणि टोंटो म्हणून सिल्व्हरहील्स.

लोन रेंजरची कथा मूळ रेडिओवरची. 1933 साली डेट्रॉइटच्या केंद्रावरून ती सुरू झाली. सहा रेंजर शिपाई दरीत दरोडेखोरांच्या तावडीत सापडतात, पाच मरतात, सहावा जखमी होऊन पडतो. त्याला टोंटो सापडतो, त्याची शुश्रूषा करतो, जगाला सगळे मेल्यासारखे वाटावे म्हणून सहावी रिकामी कबरही खणतो. म्हणजे टोंटो नसता तर रेंजर नसता. पण रेडिओवर टोंटोचा आवाज काढणारा नट गोरा होता, आणि टोंटोची इंग्रजी मोडकीतोडकी ठेवलेली होती. क्रियापदाला रूप नाही, वाक्याला धड शेवट नाही. दूरदर्शनवरही तीच चालू राहिली. शिवाय स्पॅनिश भाषेत टोंटो ह्या शब्दाचा अर्थ मूर्ख असा होतो. म्हणून स्पॅनिश आवृत्तीत नाव बदलून टोरो करावे लागले.

सिल्व्हरहील्स स्वतः उत्तम इंग्रजी बोलत. लहानपणच्या वस्तीवर त्यांनी कविता लिहिल्या होत्या आणि दूरदर्शनवर त्या म्हणूनही दाखवल्या होत्या. अशा माणसाला आठ वर्षे, दर आठवड्याला, लाखो मुलांसमोर मोडकी भाषा बोलावी लागली. ज्यांना घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी बोलावी लागली, अशा आपल्यासारख्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भाषा येत नाही म्हणून हसणे एक वेळ सोसते. येत असून येत नसल्यासारखे बोलायला लावणे फार जड जाते. त्यांना हे खुपत होते आणि ते त्यांनी लपवले नाही. मग सोडले का नाही? घरी बायकोमुले होती, आणि हॉलिवूडमध्ये मूळ रहिवाशाला इतके नियमित काम दुसरे नव्हते. मोठ्या भूमिका गोऱ्या नटांना रंग फासून दिल्या जात. 1950 च्या 'ब्रोकन ॲरो' मध्ये अपाची सरदार कोचीसचे मुख्य काम ब्रुकलिनच्या जेफ चँडलरला मिळाले, ऑस्करसाठी त्याचे नावही गेले. सिल्व्हरहील्स ह्यांच्या वाट्याला जेरोनिमो आला, तो थोडा वेळ. जेरोनिमोचे काम त्यांनी पुढे आणखी दोनदा केले.

मालिका 1957 पर्यंत चालली, एकूण 221 भाग झाले. मधल्या काळात क्लेटन मूरच्या जागी दुसरा रेंजर येऊन गेला, टोंटो मात्र तोच राहिला. 1955 साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला, काही भागांत ते दिसले नाहीत, बरे होऊन पुन्हा घोड्यावर बसले. 1956 आणि 1958 साली ह्याच जोडीचे दोन रंगीत चित्रपट निघाले. त्यानंतर तो काळ संपला. जीन ऑट्रीने 1953 सालीच चित्रपटातून अंग काढून घेतले होते. रेडिओ केंद्रे, जमिनी आणि बेसबॉलचा संघ ह्यांत तो मोठा धनवान झाला आणि 1998 साली 91 व्या वर्षी वारला. टोंटोच्या नटाला असा काही आधार नव्हता. लोकांनी त्यांना टोंटो म्हणूनच ओळखले आणि दुसरे काम द्यायला निर्माते कचरले.

ह्यानंतरचा भाग मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. 1960 च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिसच्या एको पार्क भागात इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप नावाची नाट्यशिक्षणाची शाळा काढली. शहरात पोट भरायला आलेली मूळ रहिवाशांची मुले तिथे येत आणि अभिनय शिकत. हेतू सरळ होता. निर्माते म्हणत की आम्हाला शिकलेले इंडियन नट मिळत नाहीत म्हणून गोऱ्यांना रंग लावतो. तर शिकलेले नट तयार करून त्यांच्यापुढे उभे करायचे. मोडकी भाषा बोलून जे नाव मिळवले होते ते त्यांनी असे खर्चले. स्वतःची थट्टा करायलाही ते मागेपुढे पाहत नसत. 1969 साली जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात त्यांनी नोकरी शोधायला आलेल्या टोंटोचे सोंग केले: वर्षानुवर्षे रेंजरसाठी राबलेला, आणि आता आपल्या अनुभवाचे काय करायचे ते कळत नसलेला. लोक पोट धरून हसले. हसता हसता कुणाला काही टोचले असेल तर ते त्यांना हवेच असावे.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना घोड्यांच्या शर्यतीचा नाद लागला. दोन चाकी हलक्या गाडीला घोडा जुंपून धावण्याची ती शर्यत. 1974 साली त्यांनी गाडी हाकण्याचा रीतसर परवाना काढला, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. रुपेरी टाचांच्या माणसाचा वेगाचा सोस गेला नव्हता. सिल्व्हरहील्स हे काकाने दिलेले नाव त्यांनी ह्याच काळात कायद्याने लावून घेतले.

मग पक्षाघाताने शरीर खचले. 19 जुलै 1979 रोजी हॉलिवूडच्या फुटपाथवर, जिथे नामवंत नटांच्या नावांच्या चांदण्या बसवतात, तिथे त्यांची चांदणी बसली.  पुढच्या वर्षी, 5 मार्च 1980 रोजी, लॉस एंजेलिसजवळ त्यांचे निधन झाले. वय 67.

वस्तीतली दुसरी मुले मात्र पुढे आली. 1952 साली सिक्स नेशन्समध्येच जन्मलेल्या ग्रॅहम ग्रीन ह्यांनी टोरोंटोच्या रंगभूमीवर उमेदवारी केली आणि 'डान्सेस विथ वुल्व्हज' ह्या 1990 च्या चित्रपटातल्या कामासाठी त्यांचे नाव ऑस्करच्या यादीत गेले. त्या चित्रपटातले मूळ रहिवासी आपल्या लाकोटा भाषेत बोलतात आणि खाली अर्थ उमटतो. ग्रीन ह्यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी ती कामासाठी शिकून घेतली. तरी 2013 साली लोन रेंजरचा नवा भपकेबाज चित्रपट निघाला तेव्हा टोंटोचे काम जॉनी डेप ह्या गोऱ्या नटाला, तोंडाला रंग फासून, दिले गेले.

सिल्व्हरहील्स ह्यांची रक्षा कॅलिफोर्नियात राहिली नाही. ती ग्रँड नदीकाठी, सिक्स नेशन्सच्या वस्तीत परत आणली गेली. ज्यांचे नातेवाईक टोरोंटोत असतील त्यांना मोटारीने दीड तासात तिथे पोचता येईल. त्या बाजूला उन्हाळ्यात मुले हातात जाळीच्या काठ्या घेऊन पळताना दिसतात. 1997 साली कॅनडाच्या लॅक्रोसच्या सन्मान मंडळाने त्यांना आपल्यात घेतले, खेळाडू म्हणून.